परसातल्या द्राक्षांचा घरचा बेदाणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो की विजापूर रोड, बंगल्याच्या मागं किंवा गाडी लावायच्या जागेवर लोखंडी मांडव घालून हौसेनं लावलेला द्राक्षाचा वेल आता पुष्कळ घरांत दिसतो. वर्षभर त्याची सावली मिळते आणि फाल्गुन-चैत्रात सगळे घड एकदम पिकतात. घरचे खाऊन कंटाळतात, शेजारी वाटून होतं, तरी दोन-तीन पाट्या उरतातच. त्या उरलेल्या द्राक्षांचा बेदाणा घरच्या गच्चीवर उत्तम होतो. मार्च-एप्रिलमधली सोलापूरची कोरडी हवा या कामाला इतकी अनुकूल आहे की ती वाया घालवणं मला खरोखर जिवावर येतं. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

घरच्या द्राक्षांची वाईन का करू नये? तीही सोपी असते म्हणतात.

द्राक्षाच्या सालीवर नैसर्गिक यीस्ट असतंच. मणी चिरडून उबदार जागी ठेवले की साखरेचं अल्कोहोल आपोआप होऊ लागतं. ते खरं असलं तरी महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे राज्यात परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, आणि वाईनही मद्यच आहे. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, तोही व्यवसायासाठी. म्हणून परसातल्या दोन पाट्यांसाठी त्या वाटेला जाऊ नका. शिवाय सोलापुरात वेल असतो तो खाण्याच्या द्राक्षांचा. पातळ साल, बिनबियांचा मणी आणि भरपूर गर हे गुण वाईनपेक्षा बेदाण्याला जास्त मानवतात.

कोणत्या जातीच्या द्राक्षांचा बेदाणा चांगला होतो?

बिनबियांच्या कुठल्याही जातीचा होतो. रोपवाटिकेतून आणलेला हिरव्या मण्यांचा वेल बहुधा थॉमसन सीडलेस किंवा त्यातूनच निघालेल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन यांपैकी एखाद्या जातीचा असतो. थॉमसन ही जगभर बेदाण्यासाठी वापरली जाणारी जात, त्यामुळे तिच्या कुळातला वेल असला की निम्मं काम झालं.

सोनाकाचा उल्लेख जरा अभिमानानंच करतो. लांब, सोनेरी झाक असलेल्या मण्यांची ही जात आपल्याच उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधून निवडून काढली. काळ्या मण्यांची शरद सीडलेस हीदेखील नान्नजच्याच काळे घराण्याची देणगी. बाहेरच्या लोकांना नान्नज माहीत असतं ते माळढोक अभयारण्यामुळे. द्राक्षवाल्यांच्या नकाशावर मात्र ते गाव या दोन जातींमुळे ठळक आहे. सोनाकाचा बेदाणा लांबट, देखणा होतो. शरदचा काळा होतो आणि चवीला गडद लागतो.

बाजारातली टपोरी, कुरकुरीत द्राक्षं पाहून आपल्या वेलाचे बारीक मणी कमी प्रतीचे समजू नका. बाजारातला मणी संजीवकं, म्हणजे वाढ घडवून आणणारी द्रव्यं, देऊन फुगवलेला असतो आणि त्यात पाणी जास्त असतं. घरचा बारीक मणी लवकर वाळतो, कारण गराच्या मानानं त्याची साल जास्त असते आणि पाणी बाहेर पडायला तेवढी जागा मिळते.

आमच्या द्राक्षांत बिया आहेत. मग?

वाळतात, पण वेळ जास्त लागतो आणि खाताना बी दाताखाली येते. पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून घ्यायच्या मनुका म्हणून त्या छान. खिरीत किंवा शिऱ्यात घालायला बिनबियांचाच बेदाणा हवा.

आमची द्राक्षं दरवर्षी आंबटच राहतात. अशा द्राक्षांचा बेदाणा होईल का?

होईल, पण आंबट होईल. वाळवताना फक्त पाणी जातं, आंबटपणा आणि गोडवा दोन्ही आहेत त्या प्रमाणात घट्ट होतात. म्हणून बेदाण्याचा खरा विचार वेलावरच करायचा. घरच्या वेलाची द्राक्षं आंबट राहण्याची कारणं बहुतेक ठिकाणी तीच सापडतात.

पहिलं कारण हाव. वेलाला लागलेला प्रत्येक घड ठेवला जातो. घडात साखर भरायची ती पानांनी, आणि एका घडामागे निदान दहा-पंधरा निरोगी पानं लागतात. काडीवर तीन घड आणि पानं मोजकी असतील, तर तिन्ही घड आंबट राहणार. मणी ज्वारीएवढे असतानाच जादा घड काढून टाका. हात धजत नाही हे मला माहीत आहे, पण अर्धे घड काढलेल्या वेलाची चव एकदा घेतलीत की पुढच्या वर्षी कात्री आपणहून हातात घ्याल.

दुसरं कारण पाणी. परसातला वेल पुष्कळदा न्हाणीच्या किंवा भांडी घासायच्या जागेजवळ असतो आणि त्याच्या मुळाशी बारमाही ओल राहते. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडून काचेसारखा झाला, की तिथून पुढे वेलाचं पाणी हळूहळू कमी करायचं. तोडणीच्या आधीचा आठवडाभर तर अगदी बेताचंच द्यायचं. नाहीतर मणी पाणचट होतात आणि तडकतातही. सांडपाण्याची वाट तेवढ्या दिवसांपुरती विटा लावून दुसरीकडे वळवली तरी फरक दिसतो.

तिसरं कारण सावली. शेजारच्या भिंतीमुळे किंवा आंब्यामुळे वेलाला दिवसातून चार-पाच तासही ऊन मिळत नसेल, तर वर सांगितलेलं सगळं करूनही गोडी बेताचीच येईल. अशा वेलाची द्राक्षं खाऊन संपवावीत, बेदाण्याच्या भानगडीत पडू नये.

नेमकी कधी तोडायची?

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी, जानेवारीत, मण्यांना जीभ लावाल तर दात आंबतील. ऑक्टोबरात छाटलेल्या वेलाची द्राक्षं साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून खाण्याजोगी होतात. बेदाण्यासाठी त्यानंतरही थांबायचं. खाण्याची द्राक्षं १८ ब्रिक्सच्या आसपास तोडतात, बेदाण्याला २२ ब्रिक्स किंवा त्याहून जास्त गोडी हवी. ब्रिक्स म्हणजे ढोबळमानानं १०० ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर आहे तो आकडा. तो रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या हातात मावणाऱ्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर दिसतो. ओळखीत कुणी बागायतदार असेल तर त्याच्याकडे ते नक्की असतं.

उपकरण नसेल तर घडाच्या शेंड्याचा मणी चाखा. वरच्या, देठाजवळच्या पाकळीचे (घडाच्या छोट्या फांदीला पाकळी म्हणतात) मणी आधी गोड होतात आणि टोकाचे सगळ्यात शेवटी. टोकाचा मणी गोड लागला म्हणजे घड पिकला. हिरव्या जातीचा मणी तोवर पिवळसर, मधाच्या रंगाचा झालेला असतो. उन्हाकडे धरला तर आरपार उजेड दिसतो. ज्यांच्या घरी बुलबुल आणि साळुंक्या येतात, त्यांना या थांबण्याची धास्ती वाटते. घडांना जुन्या मलमलच्या किंवा साडीच्या पिशव्या बांधा. प्लास्टिकची पिशवी नको, आत पाणी सुटून घड नासतो.

आधी तोडून घरात ठेवली तर आंब्यासारखी पिकतील का?

नाही. द्राक्ष वेलावरून उतरलं की त्याची गोडी तिथेच थांबते. अढीत घालून उपयोग नाही.

वेलावर औषध फवारलं होतं. ती द्राक्षं वाळवावीत का?

भुरी आणि केवडा हे रोग घरच्या वेलालाही सोडत नाहीत, त्यामुळे फवारणी होते. प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे ते छापलेलं असतं. ते दिवस भरले नसतील तर तोडू नका. वाळवल्यावर पाणी उडून जातं, औषधाचा अंश मात्र जात नाही. चार किलो द्राक्षांवर जे राहिलं ते एक किलो बेदाण्यावर येऊ शकतं. नेमकं कोणतं औषध मारलं हेच माहीत नसेल, माळ्यानं परस्पर काहीतरी फवारलं असेल, तर त्या वर्षी बेदाणा करू नका. हा एकच मुद्दा असा आहे की ज्यात मी तडजोड सुचवणार नाही.

तोडल्यावर आधी काय करायचं?

सकाळी दव उतरल्यावर, ऊन चढायच्या आत तोडा. कात्रीनं देठ ठेवून कापा, ओढू नका. फुटलेले, सडलेले, किडलेले मणी त्याच वेळी काढा, कारण एक नासका मणी आजूबाजूच्या दहांना बुरशी लावतो. मग घड स्वच्छ पाण्यात बुचकळून घ्या आणि चाळणीत निथळू द्या. मोठ्या घडाच्या पाकळ्या सुट्या करा म्हणजे वारं आतपर्यंत जाईल. एकेक मणी सुटा करायची गरज नाही. उलट देठासकट वाळवलेला मणी फुटत नाही, आणि वाळल्यावर देठ नुसत्या चोळण्यानं सुटतात.

उकळत्या पाण्यात का बुडवायचं? तसंच वाळत घातलं तर?

तसंच वाळेल, पण तीन-चार आठवडे लागतील आणि रंग गडद तपकिरी होईल. पूर्वी असंच करत आणि त्यात चूक काही नाही. प्रश्न फक्त वेळेचा आहे. इतके दिवस बाहेर ठेवलं की धूळ, मुंग्या, आणि मधेच आलेला एखादा पाऊस यांचा धोका वाढत जातो.

द्राक्षावर जी पांढुरकी लव दिसते, जी बोटानं पुसली जाते, ती मेणाची असते. मेणाचे अगदी सूक्ष्म पापुद्रे एकावर एक बसलेले असतात आणि ते मण्यातलं पाणी बाहेर जाऊ देत नाहीत. वेलावर कडक उन्हातही मणी टवटवीत राहतो तो त्यामुळेच. वाळवायचं तर हा अडसर दूर करावा लागतो. उकळत्या पाण्यानं मेण विस्कटतं आणि सालीला डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक चिरा पडतात. तिथून पाणी निघायला वाट मिळते.

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या. पाकळ्या सुती कापडाच्या सैल गाठोड्यात किंवा तळणीच्या मोठ्या झाऱ्यात घेऊन अर्ध्या मिनिटापर्यंत बुडवा, लगेच गार पाण्यात टाका आणि निथळवा. एका वेळी थोडेच मणी घ्या, नाहीतर पाण्याची उकळी बसते आणि सगळा खेळ बिघडतो. किती वेळ हे जातीवर ठरतं. पहिल्या मूठभर मण्यांवर बघा. सालीवर बारीक रेषा दिसल्या तर बरोबर. साल सुटून गर बाहेर आला तर जास्त झालं, पाच-दहा सेकंद कमी करा. नळ रोज येत नाही अशा घरांनी हे काम पाणी आल्याच्या दिवशी काढावं, गार पाणी दोन-तीनदा बदलावं लागतं.

शेतकरी डिपिंग ऑईल वापरतात. ते घरी वापरता येईल का?

येतं. पंढरपूर तालुक्यातल्या कासेगावकडे किंवा सांगली-तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर हीच पद्धत चालते. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट विरघळवायचं, मग १५ मिलिलिटर डिपिंग ऑईल, म्हणजे इथाइल ओलिएट, हळूहळू घालत ढवळायचं. पाणी दुधाळ होतं. त्यात घड दोन ते चार मिनिटं बुडवून काढायचे आणि थेट जाळीवर घालायचे. साल न फाटता फक्त मेणाची रचना बदलते, म्हणून मणी अखंड राहतो आणि रंग उजळ येतो.

दोन गोष्टींची काळजी घ्या. दोन्ही पदार्थ खाद्य प्रतीचेच घ्या. खताच्या दुकानात ‘पोटॅश’ म्हणून मिळतं ते बहुधा पोटॅशियम क्लोराईड असतं, ते वेगळं, त्याचा इथे काही उपयोग नाही. दुसरं म्हणजे हे द्रावण अल्कधर्मी असतं, हातमोजे घाला आणि डोळ्यांत उडू देऊ नका. अॅल्युमिनियमचं पातेलं तर अजिबात नको. पाच-सात किलो द्राक्षांसाठी माझं मत उकळत्या पाण्याच्याच बाजूचं आहे. साहित्य शोधत फिरावं लागत नाही आणि घरात लहान मुलं असली तरी रसायनाचा घोर नाही.

उन्हात वाळवायचं की सावलीत?

सावलीत, वाऱ्यावर. सोलापुरात हे सांगितलं की लोक चकित होतात, कारण आपल्या गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या सगळं कडकडीत उन्हात पडतं. द्राक्षाला ते सोसत नाही. मण्यात असलेलं एक विकर (एन्झाइम) हवेच्या संपर्कानं साल-गर काळपट करतं, कापलेलं सफरचंद लाल पडतं त्याच कारणानं. थेट उन्हात मणी तापला की हे काम जोरात चालतं, शिवाय चवही बिघडते. वरची साल आधी कडक वाळते आणि आतलं पाणी आतच अडकतं.

पाणी उडवायचं काम ऊन करत नाही तितकं कोरडं वारं करतं. मार्चच्या मध्यापासून आपल्याकडे दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल तासाभरात कडक होतो. ती हवा द्राक्षांवरून खेळती राहिली म्हणजे झालं. पत्र्याच्या शेडखाली, गॅलरीत, जिन्याच्या वरच्या मोकळ्या भागात, किंवा गच्चीवर हिरवी शेडनेट बांधून, कुठेही चालेल. शेतावरच्या बेदाणा शेडमध्येही हेच असतं: वर छत, बाजूंना शेडनेट आणि मधे एकावर एक जाळ्यांचे मजले. बंद खोलीत मात्र ठेवू नका. सुटलेली वाफ तिथेच कोंडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबूस वास येऊ लागतो.

ज्यांना काळी मनुका हवी आहे, त्यांनी शरदसारखी काळी द्राक्षं पहिले दोन दिवस कोवळ्या उन्हात ठेवली तरी हरकत नाही. रंगाची चिंता तिथे नाहीच.

कशावर पसरायचं?

घरात काथ्याची किंवा सुतळीची जुनी बाज असेल तर तिच्यासारखं साधन नाही. बाजेवर स्वच्छ नायलॉनची जाळी ताणून बांधा आणि तीवर एकेरी थरात घड पसरा. खालून वरून दोन्हीकडून वारं लागतं. वरून मलमलचं कापड किंवा मच्छरदाणी घाला, माश्या आणि गांधीलमाश्या गोडीला लगेच येतात. बाजेचे चारी पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवले की मुंग्यांचा प्रश्न मिटतो, फक्त वाट्या रोज भरा. बाज नसेल तर लाकडी चौकटीला जाळी ठोकून विटांवर ठेवा. स्टीलच्या परातीत किंवा प्लास्टिकच्या कागदावर पसरू नका. खालच्या बाजूनं मणी घामेजतो आणि तिथेच बुरशी धरते. लोखंडी जाळीही नको, गंजाचे डाग पडतात.

किती दिवस लागतात? मधे काय करायचं?

बुडवून घातलेल्या द्राक्षांना सावलीत साधारण १२ ते १५ दिवस. वारं चांगलं असेल तर त्याआधीही होतात. पहिले चार दिवस दिवसातून एकदा घड अलगद पालथे करा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मणी सुरकुततात, तेव्हा जाळी नुसती हलवली तरी पुरते. रात्री वर जाड कापड टाका, पहाटेचं दव पडू देऊ नका. रोज एकदा नजर फिरवून पांढरी-हिरवी बुरशी दिसलेला मणी उचलून फेकायचा, हे काम घरातल्या कुणाकडे तरी ठरवून द्या. एवढ्या दिवसांत खरी मेहनत हीच आहे.

मधेच अवकाळी पाऊस आला तर?

मार्च-एप्रिलमध्ये दुपारी ढग भरून येणं आता नवीन राहिलेलं नाही, कधी गारांसकट येतो. आभाळ दिसलं की बाज सरळ घरात घ्या आणि पंख्याखाली ठेवा. म्हणूनच वाळवण दोघांना उचलून नेता येईल अशा चौकटीवर घालावं, गच्चीभर नको. थोडं भिजलं असेल तर घड सुटे करून पंखा रात्रभर चालू ठेवा.

बुरशी पसरली असेल तर तो भाग टाकून द्यायचा. धुऊन, पुसून, उन्हात घालून वाचवायचा प्रयत्न करू नका. द्राक्षावर वाढणाऱ्या काही काळ्या बुरशी ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते मूत्रपिंडाला घातक असतं आणि धुतल्यानं किंवा शिजवल्यानं पूर्ण जात नाही.

तयार झाला हे कसं ओळखायचं?

मूठभर बेदाणे घट्ट दाबा. हाताला ओल लागली नाही आणि मूठ उघडल्यावर मणी सुटे झाले, तर झाला. गोळा तसाच राहिला तर अजून दोन दिवस. एक मणी दोन बोटांनी फाडून बघा, आत रसाचा थेंब दिसता कामा नये. मात्र खडखडीत होईपर्यंतही थांबू नका. चांगल्या बेदाण्यात साधारण १५ टक्के ओलावा राहतो आणि त्याचा मऊपणा त्यातच असतो.

झाल्यावर तळहातांत चोळून देठ काढा आणि पाखडून घ्या. मग सगळा माल एका मोठ्या स्टीलच्या डब्यात आठवडाभर झाकून ठेवा आणि रोज हलवा. काही मणी जास्त वाळलेले असतात, काही कमी; डब्यात ओल सारखी वाटली जाते. डब्याच्या झाकणाला आतून दमटपणा दिसला तर पुन्हा दोन दिवस जाळीवर.

किती द्राक्षांचे किती बेदाणे होतात?

चाराला एक, हा बागायतदारांचा हिशेब घरीही लागू पडतो. २२ ब्रिक्सच्या दहा किलो द्राक्षांत साधारण २ किलो २०० ग्रॅम साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ असतात आणि १५ टक्के ओलावा धरला तर अडीच किलो बेदाणा उतरतो. तीच द्राक्षं १६ ब्रिक्सला तोडली तर दोन किलोच्या आतच काम आटोपतं, आणि तोही आंबट. थांबण्याचा मोबदला असा वजनातही मिळतो.

बाजारातल्यासारखा हिरवा किंवा सोनेरी रंग का येत नाही?

बाजारातल्या पुष्कळ मालाला गंधकाची धुरी दिलेली असते. बंद खोलीत गंधक जाळून तो वायू मालावर सोडतात, त्यानं रंग टिकतो आणि कीड लागत नाही. घरी हे करू नका. तो वायू घशाला आणि फुप्फुसाला झोंबतो, दम्याच्या माणसाला तर फार त्रास देतो. घरचा बेदाणा मधाच्या किंवा हलक्या तपकिरी रंगाचा होतो आणि तो तसाच असू द्या.

ड्रायर किंवा ओव्हनमध्ये होईल?

विजेवरच्या फळं वाळवायच्या यंत्रात ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर, आधी उकळत्या पाण्यातून काढलेली द्राक्षं दीड-दोन दिवसांत वाळतात. साध्या ओव्हनचं तापमान इतकं खाली स्थिर राहत नाही, मणी वाळण्याऐवजी भाजतात. सोलापुरात चैत्रात विजेवर द्राक्षं वाळवायची गरज मला तरी दिसत नाही.

साठवायचं कसं? आमच्या बेदाण्याला पावसाळ्यात साखर धरली.

साखर धरली म्हणजे खराब झाला असं नाही. मण्यातली साखर बाहेर येऊन तिचे स्फटिक होतात. कोमट पाण्यात मिनिटभर धुऊन पुसून घेतला की खाता येतो. वास आंबूस असेल किंवा पांढरेपणा कापसासारखा तंतुमय असेल तर ती बुरशी, टाकून द्या.

हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवलेला बेदाणा पुढच्या मोसमापर्यंत टिकतो. बाहेर ठेवायचा असेल तर आपल्या मे महिन्यात काळपट पडतो, म्हणून थोडाच बाहेर ठेवा. अळीची भीती असेल तर डब्यात भरण्याआधी पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी असली तरी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. मालाचं तापमान खोलीइतकं झालं की मगच उघडा, नाहीतर हवेतली ओल बेदाण्यावर बसते.

फुटक्या मण्यांचा रस करून ठेवता येईल?

फुटके चालतील, नासके नाही. धुऊन स्टीलच्या पातेल्यात कुस्करा, वाफा येईपर्यंत तापवा, पण उकळू देऊ नका. गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. तळाशी वाळूसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते द्राक्षातल्याच टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे असतात. वरचा रस अलगद ओतून घ्या. चार-पाच दिवसांत संपवा किंवा बर्फाच्या साच्यात गोठवा. कल्हई नसलेलं पितळी भांडं वापरू नका. आणि हा रस बूच घट्ट लावून बाहेर ठेवायचा नाही. उन्हाळ्यात तो आंबू लागतो, आत वायू साठतो आणि काचेची बाटली फुटते.

घरातल्या सगळ्यांना चालतो ना?

बेदाण्यात वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश साखर असते. मधुमेह असलेल्यांनी किती खायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. अगदी लहान मुलांना अख्खा मणी देऊ नये, घशात अडकतो. भिजवून कुस्करून द्यावा. घरात कुत्रा असेल तर बाज त्याच्या वाटेत ठेवू नका. द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, थोडेसेही.

जास्त झाला तर विकू शकतो का?

खाण्याचा पदार्थ विकायचा तर छोट्या प्रमाणावरही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती करून जरूर विका. वाटायचा असेल तर काहीच लागत नाही.

द्राक्षं उतरवल्यावर वेलाचं काय करायचं?

वेलाला पंधरा-वीस दिवस विसावा द्या. थोडं शेणखत, बेताचं पाणी. एप्रिलमध्ये खरड छाटणी करा: जुन्या काड्या ओलांड्याजवळ, म्हणजे मांडवावर आडव्या पसरलेल्या जाड फांदीजवळ, एक-दोन डोळे ठेवून कापायच्या. त्यातून ज्या नव्या काड्या फुटतात, त्यांतच पुढच्या वर्षीचे घड उन्हाळ्यात आतल्या आत तयार होत असतात, म्हणून मे-जूनमध्ये त्या काड्यांवर भरपूर ऊन पडू द्या, गर्दी झालेल्या फुटी काढून टाका. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, त्या वेळी काडी पाच-सात डोळ्यांवर छाटायची. बंगल्यातले बहुतेक वेल वर्षातून एकदाच, वाटेल तेव्हा छाटले जातात आणि मग पानं उदंड, घड तुरळक अशी तक्रार येते. कात्री धारदार घ्या, आणि एका वेलावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटनं पुसून घ्या.